राव्हेन्नाची मोझॅक: तिकीट उत्तम, पण एक रात्र मुक्काम ठेवा

मी पैठणची. घरात माग आहे, त्यामुळे कुठेही गेले तरी नजर आधी काठापदरावर जाते. लेक इटलीत बोलोन्याला शिकते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने राव्हेन्ना दाखवलं. तिथल्या चर्चमधली मोझॅक, म्हणजे काचेचे-दगडाचे बारीक रंगीत तुकडे भिंतीवर बसवून केलेली चित्रं, पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे जवळपास पंधराशे वर्षांची. आपल्या भागातून कुणी युरोपला निघालं की रोम-व्हेनिसच्या यादीत हे गाव नसतंच. ते घ्यावं, आणि नीट घ्यावं, म्हणून सविस्तर लिहिते.

तिथल्या ख्रिस्ती धर्मप्रांताचं एकत्रित तिकीट ऑनलाइन मिळतं. त्यात सान व्हिताले चर्च, रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची समाधी, सांत अपोलिनारे नुओव्हो चर्च, निओनियन बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय अशी पाच ठिकाणं येतात. समाधी आणि बाप्तिस्मागृह आकाराने लहान, म्हणून तिथली वेळ तिकीट काढतानाच निवडावी लागते. आधी या दोन वेळा पक्क्या करा, मग बाकीचं त्यांच्या भोवती बसवा. सगळी ठिकाणं स्टेशनपासून पायी होतात. हिवाळ्यात दारं लवकर बंद होतात, तेवढं बघून घ्या. तिकिटाची ही व्यवस्था मला फार आवडली, कारण तिकिटाची मुदत एका दिवसात संपत नाही.

बोलोन्याहून थेट रेल्वेने सव्वा तास लागतो, म्हणून बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. टूरवाले तर अर्ध्या दिवसात उरकतात. माझं मत स्पष्ट आहे: असं करू नका. मोझॅकमधला सोनेरी तुकडा म्हणजे दोन काचांच्या मध्ये धरलेला सोन्याचा वर्ख. असे तुकडे ओल्या चुन्यात बसवताना ते सपाट न ठेवता थोडे कलते ठेवलेले आहेत. त्यामुळे उजेड सरकला की भिंत बदलते. पैठणीची धूपछाव जशी एका जागी उभं राहून कळत नाही, पदर हलवावा लागतो, तसंच हे. इथे पदर हलत नाही, ऊन हलतं. दुपारी पाहिलेलं सान व्हिताले दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघावं.

सान व्हिताले आठ कोनी आहे, 547 साली त्याचं पवित्रीकरण झालं. वेदीच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पूर्व रोमन (बायझंटाइन) सम्राट जस्टिनियन, उजवीकडे सम्राज्ञी थिओडोरा. दोघंही राव्हेन्नाला कधी आले नव्हते, पण भिंतीवर दरबारासकट हजर आहेत. थिओडोराच्या जांभळ्या झग्याचा खालचा काठ बघा. त्यावर सोन्यात तीन माणसं, हातात भेटी घेऊन निघालेली. बाळ येशूला भेटायला आलेले ते तीन मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष. तिच्या मागच्या बायकांची वस्त्रं निरखली तर प्रत्येकीची बुट्टी वेगळी. मी तिथून हलेना तेव्हा लेक म्हणाली, "आई, एवढं काय बघायलीस?" म्हटलं, "काठ बघायले गं." ज्याने हे बसवलं त्याला कापड कळत होतं, याबद्दल मला शंका नाही. दुर्बीण मात्र जवळ हवी. छोटी असली तरी चालेल, नुसत्या डोळ्यांना एवढं दिसत नाही.

समाधी त्याच आवारात आहे. आत फक्त पाच मिनिटं मिळतात. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यांतून मधासारखा मंद उजेड येतो आणि वर सगळं गडद निळं, ताऱ्यांनी भरलेलं. बाहेरच्या उन्हातून थेट गेलात तर अर्धा वेळ डोळे सरावण्यातच जातो. म्हणून आधी सावलीत थांबा, मोबाइल बंद करा. आत गेल्यावर फोटोच्या मागे लागू नका. दारावरच्या कमानीत मेंढ्यांमध्ये बसलेला तरुण मेंढपाळ आहे, तो निघताना मागे वळल्याशिवाय दिसत नाही.

नुओव्होमध्ये एका भिंतीवर बावीस कुमारिकांची रांग आहे, आणि त्यांच्या पुढे तेच तीन मागी, इथे मोठे, नक्षीदार कपड्यांत. त्याच चर्चमध्ये मोझॅकात थिओडोरिक या गॉथ राजाचा राजवाडाही दाखवला आहे. गॉथांची सत्ता गेल्यावर तिथली माणसं काढून त्या जागी पडदे बसवले. पण खांबांवर काही हात तसेच राहिले आहेत. नक्की शोधा.

आर्चबिशपच्या संग्रहालयाला घाईत असाल तर थोडा वेळ पुरे, फक्त आतलं छोटं प्रार्थनाघर चुकवू नका. एरियन या जुन्या ख्रिस्ती पंथाचं बाप्तिस्मागृहही गावात आहे, पण ते या तिकिटात येत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: तिथली पियादिना नावाची रोटी चीज घालून छान लागते, पण पारंपरिक पद्धतीत पिठात डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाची मागून घ्या, बहुतेक ठिकाणी मिळते.

शहराबाहेरचं सांत अपोलिनारे इन क्लासे हे चर्च मुक्कामाच्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. रेल्वेने एकाच स्टेशनाचं अंतर आहे. वेदीवरच्या अर्धघुमटात हिरवं कुरण, मध्ये उभ्या संत अपोलिनारेच्या दोन्ही बाजूंना मिळून बारा मेंढ्या, आणि वर निळ्या वर्तुळात नव्व्याण्णव तारे. परतीची गाडी कधी आहे ते आधीच बघून ठेवा, कारण छोट्या स्टेशनवर दर गाडी थांबत नाही.