स्विफ्टच्या डिकीत पखवाज, पेटी आणि दहा इंची वूफर

मी कीर्तनाला पखवाजाची साथ करतो. महिन्याला दहा-बारा कार्यक्रम असतात, कोल्हापूर-सांगलीकडे जास्त, कधी कऱ्हाडपर्यंत. गाडी २०१९ची स्विफ्ट. कंपनीच्या आकड्याप्रमाणे डिकी २६८ लिटरची. तिच्यात पखवाज, पेटीचा खोका, टाळांची पिशवी आणि कपड्यांची एक बॅग जायलाच हवी. मागच्या सीटवर टाळकरी बसलेले असतात, त्यामुळे सीट पाडून जागा करायचा प्रश्नच येत नाही.

आणि तरीही मला वूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, हवा होता. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी परतीच्या वाटेवर गाडीतच ऐकतो. लय कुठे सरकली, थाप कुठे बोथट पडली ते त्याच रात्री कळलं तर दुसऱ्या दिवशी रियाजात धरता येतं. दारातले साडेसहा इंची स्पीकर उजव्या हाताचे बोल छान ऐकवतात, पण डावा हात गायब. कणीक लावलेल्या तोंडाचा तो भरीव 'धुं' ऐकूच येत नाही. तंबोऱ्याचंही तेच. काळी एकच्या पट्टीत खर्जाचा सा साधारण ६९ हर्ट्झचा असतो. दारातल्या स्पीकरचा जीव तिथेच संपायला लागतो.

आधी चुकलो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून बारा इंची तयार बॉक्स घेतला, पुढे भोक असलेला, ज्याला पोर्टेड म्हणतात. बाहेरून ६० बाय ३८ बाय ३५ सेंटिमीटर. गुणाकार केला की ८० लिटर होतात, म्हणजे डिकीचा तिसरा हिस्सा जवळजवळ गेलाच. पेटी एका टाळकऱ्याच्या मांडीवर येऊ लागली. आवाज दणदणीत होता, पण एक थाप मारली की तिची शेपटी पुढच्या थापेवर चढायची. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, तर सगळा चिखल. त्यात तो बॉक्स भुशाच्या बोर्डाचा होता. जुलैत डिकीच्या रबरातून पाणी झिरपलं आणि तळाची कड पुरीसारखी फुगली.

मग मित्राच्या गाडीत सीटखाली बसणारा आठ इंची ऐकला. आवाज वाढवणारा अ‍ॅम्प त्याच्याच पोटात असतो, डिकीतली एक इंचही जागा जात नाही. बातम्या, भावगीतं, गप्पा यांना तो पुरेल, आणि ज्याला गाडीत काही कापाकापी नको त्याने तोच घ्यावा. पखवाजाची धुम मात्र त्याला पेलली नाही. आवाज वाढवला की थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी येते. स्टेपनीच्या रिंगमध्ये बसणारे गोल वूफरही मिळतात, पण मी रात्री-अपरात्री आडवाटेच्या गावांतून परततो. टायर बदलताना पाऊण तास तारा सोडवत बसायची माझी तयारी नाही.

शेवटी पोहोचलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फायबरच्या मिस्त्रींकडे. बोर्ड नाही, शेडमध्ये ट्रकच्या केबिनचे छप्पर आणि देखाव्याच्या मूर्ती शेजारी-शेजारी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मला आवडला: "माउली, डिकीत काय काय असतं तुमच्या? ते आधी ठेवा बघू." मी सगळं सामान जसं रोज ठेवतो तसं रचलं. डावीकडे चाकाच्या कमानीमागे एक कोनाडा उरला, जिथे एरवी फक्त फडकं आणि पाण्याची बाटली पडलेली असते. मिस्त्री म्हणाले, "एवढंच आपलं."

त्या कोनाड्याला त्यांनी चिकटपट्टी आणि फॉइल लावलं, वर राळेत भिजवलेली काचतंतूची मॅट ब्रशने ठोकून ठोकून बसवली, हवेचा बुडबुडा राहू न देता. दुसऱ्या दिवशी तो साचा निघाला तेव्हा डिकीच्या प्लॅस्टिकचा प्रत्येक उंचवटा त्याच्या पाठीवर उमटला होता. पुढे वूफर बसवायला १८ मिलीमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीची) कडी, तिच्यावर ताणलेलं कापड, त्यावर पुन्हा राळ आणि मॅटचे थर.

आणि मग मोजमाप. माझ्या दहा इंची वूफरच्या पत्रकात बंद डब्यासाठी आतली जागा १८ लिटर लिहिली होती. वेड्यावाकड्या आकाराचं गणित फूटपट्टीने होत नाही, म्हणून त्यांनी बीनबॅगमधले थर्मोकोलचे दाणे डब्यात ओतले आणि तेच दाणे लिटरच्या मापाने परत मोजले. साडेसतरा भरले. वूफरचं लोहचुंबक आणि सांगाडा मिळून दीड लिटर खातो, म्हणजे हातात उरले सोळा. दुसऱ्या कोणी "चालतंय की" म्हणून सोडून दिलं असतं. मिस्त्रींनी पुढची कडी तीन सेंटिमीटर बाहेर ओढून घेतली आणि पुन्हा मोजलं. वूफरची जागा वजा करून साडेअठराच्या थोडं वर आलं. वरून उशीत भरतात तो फायबरचा कापूस सैलसर घातला. त्याने वूफरला डबा आहे त्याहून थोडा मोठा वाटतो.

बंद डबा का, हे मला आता कानांनी पटलंय. आतली हवा स्प्रिंगसारखी वूफरला परत ओढते, त्यामुळे थाप जिथे संपायची तिथेच संपते. अगदी तळाचे स्वर पोर्टेडमध्ये जास्त येतात, हे खरं. पण गाडी स्वतःच तिथे मदत करते. ५० हर्ट्झची लहर सात मीटरच्या आसपास लांब, आणि अख्खी स्विफ्ट ३.८४ मीटर. काचा वर असल्या की त्या छोट्या पोकळीत खालचा आवाज आपोआप उचलला जातो. मला भूकंप नको होता, डावा हात हवा होता. तो मिळाला.

अ‍ॅम्प डब्यावर न बसवता पुढच्या डाव्या सीटखाली घेतला. बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज. तांब्याच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली वायर सर्रास विकली जाते. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली की परत करा. ८० हर्ट्झच्या खालचे स्वर तेवढे वूफरकडे सोडले, आणि तंबोरा लावून फेजचं, म्हणजे वूफरची आत-बाहेर हालचाल उलटवणारं, बटण दोन्हीकडे करून पाहिलं. एका बाजूला खर्ज डिकीतून येत होता, दुसऱ्या बाजूला काचेसमोरून. दुसरीकडेच ठेवलं.

आता उणिवा. पहिले दहा दिवस गाडीत राळेचा उग्र वास होता, एका टाळकऱ्याला मळमळलं. डबा नुसता हलवून डिकीच्या त्या बाजूच्या आवरणामागे हात जात नाही, पूर्ण काढावाच लागतो. दोन बटरफ्लाय नट आणि एक प्लग, दोन मिनिटांचं काम, पण पावसात नकोसं. सुरुवातीला नंबरप्लेट किणकिणायची. मागे फोमची पट्टी आणि डिकीच्या दाराला आतून ब्युटिलची, म्हणजे चिकट रबराची, शीट लावल्यावर थांबली. आणि हा डबा फक्त याच गाडीचा. उद्या गाडी विकली तर तो दुसरीत बसणार नाही. तयार बॉक्स निदान विकता तरी येतो.

डब्याची मजुरी, कापड, राळ सगळं धरून साडेसहा हजार दिले. वूफर आणि अ‍ॅम्प वेगळे. सांगितले होते चार दिवस, लागले नऊ. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मधले तीन दिवस पाऊस होता आणि ओल्या हवेत त्यांनी राळ लावायला साफ नकार दिला. म्हणून करून घ्यायचा असेल तर मे संपायच्या आत जा, आणि रिकामी डिकी घेऊन जाऊ नका.

गेल्या आठवड्यात इस्लामपूरहून परतताना मागे बसलेल्या टाळकऱ्याने रेकॉर्डिंग थांबवायला लावलं. "हितं तुम्ही सम आधीच घेतली, बुवा." पुन्हा लावून ऐकलं. खरंच, डावा हात अर्धी मात्रा आधी पडला होता.