डायटम मोजायचे की कण चाळायचे?

अंटार्क्टिकातल्या, बर्फ नसलेल्या शिर्माकर ओअ‍ॅसिसमधल्या एखाद्या तळ्याचा गाळ प्रबंधासाठी हाती आला, की हा पेच पडतोच: तळ्याचा इतिहास डायटमवरून (काचेसारखं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) वाचायचा की गाळाच्या कणांच्या आकारावरून. मी सोलापुरात बसून दोन्ही करून पाहिलंय. कालमापनाची रड दोन्हीकडे सारखीच (हिमनदीच्या पाण्यातला जुना कार्बन रेडिओकार्बनचं वय फुगवतो), तेव्हा ती सोडून देऊ.

डायटम जास्त बोलके, यात वाद नाही. अंटार्क्टिकातल्याच, भारताच्या भारती केंद्राजवळच्या लार्समान टेकड्यांतली काही तळी एके काळी समुद्राला जोडलेली होती. गाळात सागरी प्रजाती संपून गोड्या पाण्यातल्या सुरू झाल्या, की तळं समुद्रापासून कधी तुटलं ते कळतं. नुसत्या कणांवरून असं छातीठोक सांगता येत नाही.

मला नडला तो पंखा. पेरॉक्साइडने साफ केलेल्या डायटमचा थेंब कव्हरस्लिपच्या पातळ काचेवर सावकाश, वारा न लागता वाळायला हवा. मे महिना, बाहेर ४३ अंश, आणि पंखा बंद! तरी थेंब भराभर आटायचा, कवचं कडेला कडं करून बसायची, मध्ये मैदान मोकळं. अशा स्लाइडवर ३०० कवचं मोजून टक्केवारी काढायची म्हणजे स्वतःलाच फसवणं. पंखा लावावा तर वर धूळ. शेवटी पहाटे चारला उठून स्लाइडी केल्या. त्यातल्या निम्म्या बऱ्या निघाल्या असाव्यात.

कणांना हा जाच नाही. गुठळ्या सुटायला हेक्झामेटाफॉस्फेटमध्ये रात्रभर भिजवा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओलं चाळा, खाली उतरलेले बारीक कण पाण्यात ढवळून ठरावीक वेळांनी पिपेटने उचला. पाण्याचं तापमान टिपून ठेवलं की कण खाली बसण्याच्या वेळेचा हिशेब जमतो, आणि पंखा खुशाल फिरू दे. वितळपाण्याचा जोर वाढला की कण जाड होतात, तळं बर्फाखाली निवांत असलं की बारीक. खोट आहेच: वाऱ्याने तळ्यावरच्या बर्फावर टाकलेली वाळूही शेवटी तळाशीच जाते. ती ओळखायला वाळूचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यासाठी मला परगावी जावं लागलं, पण एकदाच.

तुमचा प्रश्न खारेपणाचा असेल, किंवा प्रयोगशाळेत एसी असेल, तर डायटमच घ्या, मी अडवणार नाही. माझा प्रश्न वितळपाण्याचा होता. कण मोजण्याआधी डायटमची कवचं सोडियम हायड्रॉक्साइडने विरघळवून टाकावी लागतात, नाहीतर तीही गाळाचे कण म्हणून मोजली जातात. ते काम मी जरा जास्तच मन लावून केलं.