आरएफक्यू की आरएफपी? माझा कौल आरएफआयपासून सुरू होतो

खरेदी खात्यात दोन-चार वर्षं काढलेल्या माणसाला आरएफआय (नुसती माहिती मागवणं), आरएफक्यू (ठरलेल्या गोष्टीचा दर मागवणं) आणि आरएफपी (गरज सांगून उपायासकट प्रस्ताव मागवणं) म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टेबलावर आलेला असतो, यूजर डिपार्टमेंट रोज ‘कुठवर आलं?’ विचारत असतं, आणि अर्धीच माहिती हातात असताना व्हेंडरला काय पाठवायचं ते ठरवायचं असतं. अशा वेळी हात आरएफपीकडे जातो. माझाही बरीच वर्षं जायचा.

त्यात गैर काही नाही. आपली गरज मांडायची, उपाय व्हेंडरने सुचवायचा, ही कल्पना चांगलीच आहे. सॉफ्टवेअर, सल्लासेवा, डिझाइनचं काम अशा गोष्टींना मी आजही आरएफपीच काढेन, कारण तिथे समोरच्याची विचार करायची पद्धत हाच आपण विकत घेत असलेला माल असतो.

माझं मत फिरलं ते कॉम्प्रेस्ड एअरच्या, म्हणजे कारखान्याला दाबाखालची हवा पुरवण्याच्या, एका कामात. कॉम्प्रेसर, ड्रायर, रिसीव्हर टाकी आणि पाइपिंग, सगळं एकत्र. मोकळेपणाने लिहिलेल्या आरएफपीला पाच प्रपोजलं आली, पाचही नीटनेटकी. मी कंपॅरेटिव्ह, म्हणजे सगळ्यांच्या दरांचा तुलनातक्ता, करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडकलो. एकाने हवेचा पुरवठा ७ बार दाबाला सांगितलेला, दुसऱ्याने ८ बारला. एकाने दोन वर्षांची देखभाल किमतीत धरलेली, दुसऱ्याने कमिशनिंगपुढे (यंत्रणा बसवून चालू करून देणं) ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ एवढंच लिहिलेलं. तिसऱ्याने पाइपिंगचा मीटरमागे दर दिला होता, पण मीटर किती ते नव्हतं. सगळ्यांत स्वस्त प्रपोजलच्या चौदाव्या पानावर बारीक अक्षरात तळटीप होती: फाउंडेशन, केबल आणि क्रेन ग्राहकाकडे.

मग खुलासे सुरू झाले. एक मेल पाठवायचा, उत्तर यायचं, उत्तरासोबत दरही बदलून यायचा. ज्याचा खुलासा उशिरा आला त्याला दर सुधारायची जास्त संधी मिळाली आणि ज्याने पहिल्या दिवशीच सगळं स्वच्छ लिहिलं होतं तो मागे पडला. हे मला फार लागलं. तीन आठवडे मी दरांची तुलना करतोय असं समजत होतो. खरं तर पाच जणांनी काय काय वगळलंय तेच शोधत होतो.

गुण देऊन हा प्रश्न सुटतो असं म्हणतात, पण त्यावर माझा फार भरवसा नाही. तांत्रिक बाजूला ६०, किमतीला ४० असा भार धरा आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सर्वांत कमी किमतीच्या प्रमाणात किमतीचे गुण द्या. ‘अ’चे तांत्रिक गुण ८०, किंमत १००, ‘ब’चे गुण ९०, किंमत १२०. दोघंच असतील तर ‘अ’ ८८ विरुद्ध ८७.३ असा जिंकतो. आता तांत्रिक गुण ४० आणि किंमत ७० असलेला ‘क’ आणा. तो स्वतः ६४ वरच राहतो, पण ‘अ’ ७६ वर येतो, ‘ब’ ७७.३ वर, आणि काम ‘ब’ला जातं. अपुऱ्या कामाचा स्वस्त दर असा बाकीच्यांचा निकाल फिरवतो, आणि असे दर मोकळ्या आरएफपीत हमखास येतात.

आरएफक्यूची बाजू उलटी. स्पेसिफिकेशन पक्कं असेल तर त्याच्याइतकं सरळ काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा, म्हणजे अन्सिट्रालचा, सार्वजनिक खरेदीबाबतचा २०११चा आदर्श कायदा कोटेशनची पद्धत बाजारात तयार मिळणाऱ्या, ठरावीक रकमेच्या आतल्या वस्तू आणि सेवांपुरतीच ठेवतो. शक्य तितक्या जास्त, पण किमान तिघांकडून दर मागवा, प्रत्येकाला एकच दर देऊ द्या आणि वाटाघाटी नकोत, असं त्यात आहे. शिवाय वाहतूक, विमा, कर यांतलं काय दरात धरायचं हे व्हेंडरला आधी कळवायला सांगितलं आहे. या शेवटच्या वाक्याची किंमत मला त्या तीन आठवड्यांनंतर कळली.

पण स्पेसिफिकेशन कच्चं असताना काढलेला आरएफक्यू आरएफपीपेक्षाही महागात पडू शकतो. घाईत आपण कुणातरी एका व्हेंडरच्या कॅटलॉगवरून स्पेसिफिकेशन उतरवतो, आणि स्पर्धा तिथेच संपते. पाच जण दर देतात, पण ते स्पेसिफिकेशन नेमकं बसतं एकालाच.

म्हणून हल्ली अर्धवट माहितीच्या कामाला मी आधी आठ-दहा प्रश्नांचा छोटा आरएफआय पाठवतो. ही ऑर्डर नाही आणि ऑर्डरचं आश्वासनही नाही, हे पहिल्याच ओळीत. त्यात दर विचारत नाही. त्याऐवजी एक प्रश्न नक्की असतो: ‘या कामाचा दर कशाकशाने वर-खाली होतो?’ व्हेंडर याला मनापासून उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. पुढच्या एअर सिस्टिमच्या वेळी तिघांनी स्वतंत्रपणे दवबिंदूवर, म्हणजे हवा किती कोरडी हवी यावर, बोट ठेवलं. ३ अंशांवर भागत असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर पुरतो, उणे ४० हवा असेल तर ओलावा शोषून घेणारा डेसिकंट ड्रायर लागतो आणि त्याचा चालवायचा खर्चही वेगळा. आमच्या यूजर डिपार्टमेंटने हा विचारच केला नव्हता. ते लाइनवर जाऊन बघून आले आणि ३ अंश पुरे, असं लेखी दिलं.

त्या उत्तरांतूनच आरएफक्यूचा दरतक्ता बनला. उतराई-क्रेन, फाउंडेशन, पाइपिंगचे मीटर, कमिशनिंग, देखभालीची वर्षं, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ. रिकामी ओळ चालणार नाही. धरलं नसेल तर ‘धरलेलं नाही’ असं लिहायचं. सुपूर्दगीची अट इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींप्रमाणे एकच, सगळ्यांना डीएपी, म्हणजे माल ठरलेल्या जागेपर्यंत विक्रेत्याने आणून द्यायचा. कंपॅरेटिव्ह एका दुपारी झालं आणि खुलाशाचे मेल दोनच गेले.

यात आरएफआयचे दिवस जास्त जातात आणि तेवढी सवड प्रत्येक कामात मिळेलच असं नाही. काही व्हेंडर आरएफआयला उत्तर देण्याऐवजी ‘भेटायला येऊ का?’ म्हणून फोन करतात. त्यांना मी उत्तर लेखीच मागतो आणि एखाद्याला दिलेला खुलासा बाकीच्यांनाही त्याच दिवशी पाठवतो. तुमचं काम सेवेकडे झुकणारं असेल तर आरएफपीला नाही म्हणू नका, फक्त दरतक्ता मात्र त्यातही आपलाच जोडा.