ट्रेतलं लाल की पिशवीतलं जांभळं?

महाराष्ट्रात गाईची कत्तल आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही बंद. त्यामुळे पुण्यात आपण बीफ म्हणून आणतो ते म्हशीचंच. त्यात मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं प्रथिन, गाईबैलांपेक्षा जास्त, म्हणून ते मुळातच गडद असतं, आणि जनावराचं वय वाढतं तसा रंग आणखी दाट होतो. कोवळ्याचं फिकट, जून रेड्याचं थेट काळपट. हा काळपटपणा शिळेपणाचा नव्हे. स्ट्यूला तर मी मुद्दाम जून घेतो, कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त गेल्या तरी चालतील. चिली फ्रायला मात्र कोवळंच.

पुण्याच्या कँप भागात सकाळी सातला जाऊन डोळ्यांसमोर कापून घेणं जमत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. आमचं घर लांब, नोकरी शिफ्टची. त्यामुळे वर्षभर दुकानातले ट्रे आणि व्हॅक्यूम पॅक, म्हणजे हवा काढून सीलबंद केलेल्या पिशव्या, आलटून पालटून आणून पाहिले.

ट्रे दिसायला देखणा, हे मान्य. पातळ प्लास्टिकमधून हवा लागते, मांस लालभडक होतं. पण हा लाली लावलेला थर जेमतेम काही मिलिमीटरचा. एका रविवारी चर्चहून येताना अर्धा किलो घेतलं. घरी वरचा तुकडा उचलला तर खाली, जिथे तुकड्याला तुकडा चिकटला होता तिथे, चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी रंग. आई म्हणाली, “वर मांडणी, खाली अडगळ.” वास नव्हता, खाल्लंही आम्ही. जिथे हवा अर्धवट पोचते तिथे मांस तपकिरी होतं, एवढंच ते असेल. पण ताजं की शिळं ते वरून कळेना आणि खालूनही कळेना, हे मला खटकलं ते खटकलंच.

व्हॅक्यूम पॅकचं उलटं. हवाच नाही, म्हणून मांस जांभळट, जून असेल तर वांग्याच्या रंगाचं. पहिल्यांदा आईने ते सरळ परत करायला सांगितलं होतं. पिशवी फोडली की कोंदट वासही येतो. तो दहा-पंधरा मिनिटांत जायला हवा, नाही गेला तर टाकून द्यावं. तुकडे ताटलीत सुटे करून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवले की रंग हळूहळू उमलतो. कोवळं असेल तर चेरीसारखं, जून असेल तर बिटासारखं. रंग न उमलता तपकिरीच दिसलं तर मी ते शिजवत नाही. ट्रेत हे उमलणं दुकानातच उरकलेलं असतं, इथे ते आपल्या घरी होतं.

खिम्याचं म्हणाल तर दोन्हीकडे रंगावर जाऊ नका. भरपूर ऑक्सिजन भरलेल्या पाकिटातला खिमा आतून कच्चा असतानाच शिजल्यासारखा तपकिरी दिसतो. मी थर्मामीटर खुपसतो, ७१ अंश झाले की गॅस बंद.

आज रात्री पाहुणे येणार आणि हाताशी अर्धा तासही नसेल तर ट्रे घ्या, काही बिघडत नाही. आमच्या फ्रिजात सध्या दोन जांभळ्या पिशव्या आहेत, आणि त्यातली एक आईने सांगून आणवलेली.