परतवाड्याचं जडीबुटीचं दुकान : अश्वगंधा घ्या, सल्ला नका घेऊ

परतवाड्याच्या बाजारात ते जुनं जडीबुटीचं दुकान आहे ना, दारापासूनच पोती मांडलेलं, तिथली अश्वगंधा एक नंबर आहे, पण पावडर नाही, मुळ्या घ्या. दुकानवाले काका माल मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीतून आणतात, अश्वगंधाचा मोठा बाजार तिथंच भरतो. गिऱ्हाईक आलं की मूठभर मुळ्या तराजूच्या पारड्यात टाकतात, त्यातली एक आपल्या हातात देतात अन म्हणतात, "मोडून पाह्य भाऊ." कट्कन तुटली अन आतून खडूसारखी पांढरी निघाली तर माल चांगला, वाकली तर ओल धरलेली, नुसत्या तारा निघाल्या तर जून झालेली. वास उग्र असतो, घरच्यांनी नाकं मुरडली तर मुरडू द्या. पॅकेटातल्या पावडरीत यातलं काहीच पाहता येत नाही, त्यात मुळीसोबत पाला दळला की काय ते आपल्याले कसं कळणार, २०२१ मध्ये तर आयुष मंत्रालयाला कंपन्यांना सांगावं लागलं होतं की पानं वापरू नका, मूळच वापरा. मी ऑनलाइन एका कंपनीचा डबा मागवला होता, हिरवट भुकटी होती, पैसे गेले.

झोपेत फरक पडतो का? सोयाबीन घरात येऊन पडलं अन भाव उठत नाही, बँकेवाला फोन करतो, अशा टायमाले झोपेचं खोबरं होतंच. मुळ्या घरीच दळून रात्री जेवणानंतर कोमट दुधात छोटा चमचा घेतो (आयुर्वेदाच्या पुस्तकात दिवसाचं माप ३ ते ६ ग्रॅम आहे), लगेच काही होत नाही, काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, मंग मधरात्री उठून मनातल्या मनात हिशेब करणं बरंच कमी होतं. भाव वाढत नाही ते वेगळं.

आता तक्रार. काकांचं एकच पालुपद, झाडपाल्याचं औषध हाये, काही होत नाही. कसं काय होत नाही बाप्पा? माझ्यासमोर एका काकूंनी थायरॉईडची गोळी चालू आहे असं सांगितलं तरी यांनी पाव किलो तोलून दिली, काही विचारणं नाही. थायरॉईडची नाहीतर झोपेची गोळी चालू असली, लिव्हरचा त्रास असला तर आधी डॉक्टरले विचारा, अन पोटुशी बाई असली तर घेऊच नका. ब्राह्मीचंही तसंच, मागितली ब्राह्मी अन पुडीत निघाली गोल गोल पानांची मंडूकपर्णी, ब्राह्मीचं पान बारीक लांबट अन जाडसर असतं. दोन्ही डोक्यासाठीच देतात, पण सांगून तर द्या ना.

बिल मागितलं तर पेपरच्या कपट्यावर आकडा लिहून देतात, माल कधीचा ते कुठंच लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात तर जाऊच नका, पोत्यात पोरकिडे होतात. शतावरी ठीक, मुसळी महाग. पानपिंपरी (पिंपळीचीच जात) मात्र तिथून कशाले घेता, अंजनगाव सुर्जीत ओळखीचा कास्तकार असला तर सरळ त्याच्याच घरून आणा, ताजी भेटते अन पैसाही त्याच्याच हातात पडतो.