पोथी घ्यावी की बखर?

मैत्रिणीची मुलगी मराठीत एम.ए. झाली आणि आता पीएच.डी.साठी हस्तलिखितावर काम करायचे म्हणते. राहायला डोंबिवली, नोकरी दादरला, हातात शनिवार आणि उरलेल्या रजा. तिचा प्रश्न सरळ होता: "मावशी, काव्याची पोथी घेऊ की बखर?" हाच प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून तिला जे सांगितले ते इथे जरा सविस्तर.

आधी लिपी, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. आख्यानकाव्याची पोथी बहुधा बाळबोधात, म्हणजे देवनागरीत असते. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापडाचे बासन. अक्षर टपोरे, पंधरा दिवसांत डोळा सरावतो. 'ख'च्या जागी 'ष', घ-ध आणि भ-म यांची गफलत, शब्द न तोडता लिहिलेली सलग ओळ, एवढे पचवले की वाचन चालू लागते. बखर मात्र बहुतेक मोडीत. लिहिणारा आधी शिरोरेघ ओढून घेतो आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला टांगत जातो. वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही. शब्द कुठे संपला ते अर्थावरून ठरवायचे, आणि अर्थ लागायला आधी शब्द वाचता यायला हवा! मोडीची बाराखडी महिन्याभरात येते. घाईतल्या एखाद्या कारकुनाचे वळण लागायला वर्ष जाते.

तरी लिपी शिकता येते. मजकुराचा स्वभाव मात्र बदलता येत नाही, आणि या दोघींचे स्वभाव अगदी वेगळे. ओवीला यमक असते, शेवटी आकडा असतो. नक्कल करणाऱ्याची नजर एका ओवीवरून तशाच शेवटाच्या दुसऱ्या ओवीवर घसरली, की आकडा चुकतो किंवा यमक लंगडे पडते आणि चोरी पकडली जाते. श्लोक असतील तर वृत्ताचा पहारा आणखी कडक. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी १९३५ साली काढलेली रघुनाथपंडिताच्या 'दमयंती-स्वयंवरा'ची आवृत्ती काव्याकडे वळणाऱ्याने आधी हाताळावी. एका शब्दासाठी प्रतींची साक्ष कशी काढायची, ते त्यात उघड्यावर दिसते.

बखरीवर असा पहारा नाही. सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. त्याच्या हातची प्रत आज नाही, आहेत त्या नकला. गद्याची नक्कल करणारा जुने वाक्य सोपे करतो, ऐकलेली एखादी गोष्ट घुसडतो, ज्याच्यासाठी नक्कल चालली आहे त्याच्या आजोबांना लढाईत चार पावले पुढे उभे करतो. काव्याच्या अभ्यासकाला ही भर म्हणजे कचरा, चाळून फेकायचा. इतिहासवाल्याला तोच ऐवज. तीन प्रतींत एका घराण्याचे नाव नाही आणि चौथीत आहे, तर ती चौथी कोणी, केव्हा, कोणासाठी लिहवून घेतली, एवढ्यावरही प्रबंध उभा राहतो. ज्याला एकच शुद्ध पाठ हाती लागल्याशिवाय झोप येत नाही, त्याने बखरीच्या वाटेला जाऊ नये. त्रास होईल.

काळ ठरवण्याचे गणितही दोन्हीकडे निराळे. पोथीच्या शेवटच्या पानावर नक्कल करणारा बहुधा शक आणि संवत्सर देतो. समजा 'शके १६९८ दुर्मुखनाम संवत्सरे' असे आहे. ७८ मिळवले की इसवी १७७६. संवत्सराने पडताळा घ्यायचा: दुर्मुख २०१६ साली येऊन गेला, साठ-साठ वर्षांनी मागे गेलात की १७७६ बरोबर लागते. आकडा आणि नाव जुळत नसेल तर सावध व्हायचे. मराठेशाहीतल्या कागदांत सुहूर सन भेटतो, तोही अरबी अंकशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. यात ५९९ मिळवायचे; पण हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत याच सनात पडते.

या तारखांवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले, दोष माझा नाही, असे म्हणून नक्कल करणारा हात झटकतो, आणि कधी कधी समोरच्या प्रतीतला शकही तसाच उतरवून मोकळा होतो. मग १७७६ साल नकलेचे नसते, तिच्या आईचे असते. मी एक बखर अशीच जुनी समजून वाचत होते. पान खिडकीकडे धरले तर कागदात विलायती गिरणीचा जलछाप, आणि त्यात साल १८२७! प्रत अर्धशतकाने तरुण झाली. म्हणून ती टाकाऊ ठरली का? मुळीच नाही. नेटक्या जुन्या प्रतीवरून केलेली उशिराची नक्कल, धांदलीत केलेल्या जुन्या नकलेपेक्षा पुष्कळदा भरवशाची निघते. सर्वांत जुनी तीच खरी, हा हट्ट सोडलेला बरा.

आता मुंबईत काय मिळते ते. पोथीवाल्याची इथे बरी सोय आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. त्याचे मराठी संशोधन मंडळ १९४८ मध्ये निघाले, आणि प्रियोळकरांनी तिथेच वर्षानुवर्षे काम केले. फोर्टात टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. तिथे दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची प्रत पाहायला सगळे जातात, पण १५१६ सालचे महाभारतातले सचित्र आरण्यकपर्व मला जास्त मोलाचे वाटते. सोसायटीची कीर्ती मुख्यतः संस्कृत, प्राकृत, फारसीची, म्हणून मराठी काव्यवाल्याने आधी सूची पाहून मगच जिने चढावेत. अवेस्ता-पहलवीकडे वळणार असाल तर कामा इन्स्टिट्यूट. ती वाट वेगळी.

बखरवाल्याला मुंबई अपुरी पडते. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, पण पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पुण्यात, आणि १९१० चे भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यात. डेक्कन क्वीन सकाळी नेमकी उलट्या दिशेने धावते, तेव्हा पहाटेची इंद्रायणीच बरी. एका दिवसात जाऊन-येऊन पदरात जेमतेम चार तास पडतात. सुट्ट्या साठवून सलग आठवडा काढता येत असेल तरच हा हिशेब जमतो.

"घरी बसून स्कॅनवर नाही का होणार?" हा पुढचा प्रश्न. वाचनासाठी होते. एशियाटिकने आपल्या ग्रंथसंजीवनीवर पुष्कळ काही चढवले आहे, आणि मोडीसाठी तर स्कॅन मूळ कागदाहून सोयीचा, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पोथीत मात्र अडते. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून वर नवे अक्षर लिहीत (आपला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच). स्कॅनमध्ये तो नुसता पिवळा डाग दिसतो, जुन्या काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्मवर राखाडी. मूळ पान तिरप्या उजेडात धरले की हरताळीखालचे अक्षर बऱ्याचदा वाचता येते, आणि कधी कधी तोच जुना पाठ निघतो. बखरीचा जलछापही स्कॅनमध्ये येत नाही. माझी पद्धत अशी: आधी सगळे स्कॅनवर उतरवून घ्यायचे, शंका वेगळ्या कागदावर काढायच्या आणि तेवढ्यांसाठी मूळ प्रत मागायची. पावसाळ्यात मागू नका. मुंबईच्या दमट हवेत पाने एकमेकांना धरून बसतात, ग्रंथपालही नाखूश असतात. दिवाळीनंतर जा.

एक फटका सांगून ठेवते. शहरातल्या एका संग्रहात (नाव नको) मुक्तेश्वराच्या नावाचे बासन होते. मी अधीरपणे पहिल्या पानापासून उतरवायला बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की मधली चाळीसेक पाने दुसऱ्याच पोथीची आहेत. कधीतरी बासन सुटले असेल, कोणी घाईने बांधले असेल. कागद तसाच, अक्षरही मिळते-जुळते, फक्त पानाच्या समासातले ग्रंथाचे नाव वेगळे, आणि ते मी पाहिलेच नव्हते. दोन दिवस पाण्यात. तेव्हापासून पहिला दिवस मोजदादीचा: पाने मोजायची, समासातले आकडे लावायचे, शेवटचे पान वाचायचे, वाचन दुसऱ्या दिवसापासून.

तर कोणी काय घ्यावे? नोकरी मुंबईत, मोडी येत नाही, तीन-चार वर्षांत प्रबंध हवा, तर पोथी. आणि तीही लहान: एखादे आख्यान, दोनतीनशे ओव्या, चार-पाच प्रती. ज्ञानेश्वरीला हात घालू नका. शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केल्यापासून तिच्या प्रतींचा गुंता सोडवण्यात पिढ्या गेल्या आहेत. मोडी आधीच हातात असेल, पुण्यात राहायची सोय असेल आणि माणसांच्या लबाड्यांत रस असेल, तर बखर. माझा कल विचाराल तर पहिले काम पोथीचेच असावे, प्रती जुळवायची शिस्त तिथे लागते.

तिने ऐकून घेतले, चहा संपवला आणि बखर निवडली. सध्या लोकलमध्ये उभ्याने मोडी गिरवते आहे, आणि डोंबिवली-दादरच्या मध्येच कुठेतरी मला एका अक्षराचा फोटो येतो: "मावशी, हा कोण?"