जुन्या डॉस गेममधला आवाज: डॉसबॉक्स, स्टेजिंग, स्कमव्हीएम की ब्राउझर, काय घ्यायचं?

माझा आतेभाऊ नाशकात जेलरोडला राहतो, त्याने दिवाळीच्या सुट्टीत पोरासाठी प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डूम टाकून द्यायचं ठरवलं आणि चार दिवसांत मला सहा फोन केले. दादा चित्र दिसतंय पण आवाजच नाही, मग दादा आता म्युझिक येतंय पण गोळीचा आवाज नाही, मग दादा सगळं येतंय पण फाटतंय. प्रत्येक वेळी त्याने काय केलं तर एमुलेटर (जुन्या पीसीची नक्कल करून आजच्या पीसीवर डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम, जसा डॉसबॉक्स) बदलला, एक काढला दुसरा टाकला, आणि दुखणं तिथेच. शेवटी रविवारी मी इंदिरानगरहून त्याच्याकडे गेलो, मिसळ खाल्ली आणि दुपारभर बसून सगळं लावून दिलं. तेव्हा जे जे त्याला समजावलं तेच इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन अडकलेले लोक बरेच आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे कोणता एमुलेटर हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवा की आवाज कोणता हवाय. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यात एकच गेम चार प्रकारे वाजायचा, घरात कोणतं कार्ड आहे त्यावर, आणि एमुलेटर ही सगळी कार्डं करून दाखवतो, आपण सांगू ते.

सगळ्यात खालचा पीसी स्पीकर. कॅबिनेटमधला तो बारका स्पीकर, पीसी चालू केला की टीं करायचा तोच. डेंजरस डेव्ह आठवतो ना, त्यात फक्त हाच आवाज आहे, त्यामुळे डेव्हसाठी साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये तास घालवू नका, काही फरक पडणार नाही. एमुलेटर टाकला की तो आपोआप वाजतो, फार कर्कश वाटला तर मिक्सर कमांडने कमी करायचा, बस.

दुसरा एफएम, म्हणजे कार्डावरची चिप स्वतः तयार करते तो आवाज, आणि माझ्या मते नव्वद टक्के लोकांना हाच हवा असतो, फक्त नाव माहीत नसतं. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब कार्ड आलं, त्यावर यामाहाची वायएम३८१२ चिप, तिलाच ओपीएल२ म्हणतात, एका वेळी नऊ आवाज काढायची. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर आणलं, त्यात तीच चिप ठेवली आणि सोबत रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय दिली. म्हणजे एका कार्डात दोन वेगळी यंत्रं, म्युझिक एफएम चिपमधून आणि गोळी, किंकाळी, तलवारीचा खणखणाट दुसऱ्या वाटेने. हे नीट डोक्यात बसवा, कारण आतेभावाच्या दुसऱ्या फोनचं उत्तर इथेच आहे. एफएम चिपला आयआरक्यू आणि डीएमए (कार्ड आणि पीसी एकमेकांशी बोलायला वापरतात ते नंबर) लागत नाही, रेकॉर्ड केलेल्या आवाजाला दोन्ही लागतात. आयआरक्यू चुकला तर म्युझिक छान चालू राहतं आणि गोळ्या मुक्या होतात. डॉसबॉक्समध्ये साउंड ब्लास्टर मुळात पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ वर असतं, आणि कितीतरी गेमच्या सेटअपमध्ये (गेमसोबत येणारा, साउंड निवडायचा प्रोग्रॅम) आयआरक्यू आधीच ५ निवडलेला असतो कारण खऱ्या साउंड ब्लास्टर १६ वर तो ५ असायचा. सेटअप उघडा, ५ चा ७ करा, सेव्ह करा, संपलं. मी स्वतः काही वर्षांपूर्वी हेच न कळल्यामुळे एमजी रोडवरच्या एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो होतो, त्यांनी साउंड चिप गेलीय म्हणून यूएसबी साउंड कार्ड माझ्या गळ्यात मारलं, घरी आलो तर गेम तसाच मुका. लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं.

तिसरा रोलंड एमटी-३२. हे कार्ड नव्हेच, बाहेरून जोडायचं वाद्य, १९८७ चंच, आणि अमेरिकेतसुद्धा महाग होतं त्यामुळे आपल्याकडे कोणाच्या घरी असायचा प्रश्नच नव्हता, मी तरी आख्ख्या नाशकात कोणाकडे पाहिलं नाही. पण १९८८ ते १९९२ च्या दरम्यानच्या साहसी गेमचं संगीत बऱ्याचदा याच्यावर रचलेलं असायचं. सिएरा कंपनीचा किंग्ज क्वेस्ट ४ हा १९८८ चा, तिथून सिएराने हे धरलं. मंकी आयलंड २ एकदा एफएमवर ऐका आणि मग एमटी-३२ वर ऐका, वूडटिक गावात एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की तीच चाल न तुटता वाद्य बदलत जाते, मायकल लँड आणि पीटर मॅक्कॉनेल यांनी आयम्यूज नावाची पद्धत केली होती ती या गेममध्ये पहिल्यांदा आली, आणि एमटी-३२ वर ती जोडणी इतकी गोड लागते की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खेळ बाजूला ठेवून नुसता गावात चकरा मारत होतो.

चौथा जनरल मिडी. मिडी म्हणजे कोणतं वाद्य कधी कोणता सूर वाजवेल याच्या सूचना, आणि जनरल मिडी हे १९९१ मध्ये ठरलेलं प्रमाण, कोणत्या नंबरला कोणतं वाद्य हे सगळ्यांसाठी एकच. डूम, ड्यूक नुकेम ३डी, त्यानंतरचं बरंच काही. इथे एक चूक हमखास होते, एमटी-३२ साठी लिहिलेला गेम लोक जनरल मिडीवर वाजवतात, दोन्ही मिडीच ना म्हणून. नाही हो. एमटी-३२ मध्ये वाद्यांचे नंबर वेगळे आणि वर गेम स्वतःचे नवीन आवाज त्याच्यात भरतो, म्हणून जनरल मिडीवर बासरीच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं आणि वाटतं गेमच खराब आहे. एमटी-३२ जमत नसेल तर सरळ एफएमवर या.

आता कोणी काय निवडायचं. तुम्हाला ९८-९९ च्या सिडकोतल्या मावशीच्या घरचा किंवा कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतला तोच आवाज परत ऐकायचाय, तर एफएम आणि साउंड ब्लास्टर, दुसरं काही शोधू नका, आपण सगळ्यांनी तेच ऐकलंय, मिडीवरचा डूम तुम्हाला अनोळखी वाटेल. आणि वुल्फेनस्टाइन ३डी, कमांडर कीन ४ असे गेम तर मुळात अ‍ॅडलिबसाठीच बनलेत, त्यांना मिडी नाहीच. पण तुम्ही गेम पहिल्यांदाच खेळणार असाल, आठवणीचं ओझं नसेल, तर संगीतकाराने जे ऐकलं ते ऐका, म्हणजे साहसी गेमला एमटी-३२ आणि डूमला जनरल मिडी.

मग एमुलेटर. मूळ डॉसबॉक्स, ०.७४, हा २०१० चा, त्याची शेवटची दुरुस्ती ०.७४-३ ही २०१९ ची. सगळ्यात जास्त माहिती याच्याबद्दल मिळते, हलका आहे, जुन्या कमकुवत लॅपटॉपवर पण चालतो आणि एफएमसाठी पुरेसा आहे. पण मिडीचं काहीही आत नाही, तो विंडोजला म्हणतो तूच वाजव, मग विंडोजचा स्वतःचा जो मिडी आहे तो वाजतो, आणि तो कोरडा, कागदी वाटतो. चांगलं हवं तर व्हर्च्युअलमिडीसिंथ वेगळा टाका, साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाईल) वेगळा उतरवा, मग मिक्सर स्लॅश लिस्टमिडी अशी कमांड देऊन नंबर बघा, तो नंबर कॉन्फिग फाईलमध्ये, म्हणजे डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, मिडीकॉन्फिग या ओळीत टाका. एमटी-३२ हवं तर त्याची नक्कल करणारा मंट हा आणखी एक प्रोग्रॅम. होतं सगळं, मी वर्षानुवर्षं असंच केलंय, पण तीन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलत असले की कुठे अडलंय ते शोधण्यात संध्याकाळ जाते. लिनक्सवाल्यांना तर बऱ्याचदा मिडी वाजवणारं काही आधी चालू करावं लागतं, नाहीतर शांतता.

डॉसबॉक्स स्टेजिंग हा त्याच्यातूनच फुटलेला, आणि मी आज कोणालाही हाच सांगतो. फ्लुइडसिंथ (साउंडफाँट वापरून मिडी वाजवणारा) आणि मंट दोन्ही आतच आहेत. कॉन्फिगमध्ये मिडीडिव्हाइसच्या पुढे फ्लुइडसिंथ लिहिलं आणि साउंडफाँटची फाईल दाखवली की जनरल मिडी झालं, एमटी३२ लिहिलं आणि रॉमचा (मूळ वाद्याच्या आतल्या फाईलींचा) फोल्डर दाखवला की एमटी-३२ झालं. एफएमसुद्धा यात चिपच्या जास्त जवळचं आहे, जुन्यात जे थोडं पातळ वाटतं ते इथे भरीव वाटतं, हेडफोन लावून ऐका म्हणजे कळेल. याची किंमत म्हणजे प्रोसेसर जरा जास्त खातो, साधारण आय३ च्या लॅपटॉपला काही होत नाही पण फार जुन्या मशीनवर आवाज तुटायला लागला तर मूळ डॉसबॉक्सवर परत या, त्यात कमीपणा काही नाही. साउंडफाँटमध्ये मला जनरलयूझर जीएस आवडतो, फ्लुइडआर३ पेक्षा लहान फाईल आणि जुन्या गेमला जास्त शोभतो असं माझं मत.

एमटी-३२ च्या रॉमबद्दल स्पष्ट सांगतो, दोन फाईली लागतात, कंट्रोल आणि पीसीएम, आणि त्या कुठल्याच एमुलेटरसोबत येत नाहीत कारण हक्क रोलंडचे आहेत. तुमच्याकडे त्या रीतसर नसतील तर एमटी-३२ चा विचार सोडा, स्टेजिंग असो की दुसरं काही.

डॉसबॉक्स-एक्स याच्यात सेटिंग सगळ्यात जास्त, मेन्यूतूनच साउंड बदलता येतो, आणि विंडोज ९५-९८ आत टाकता येतं. तुमच्या डोक्यात रोड रॅश असेल तर तो विंडोजचा गेम आहे, तिथे नुसता डॉसबॉक्स कामाचा नाही, मग हा किंवा ८६बॉक्स. ८६बॉक्स आख्खा जुना पीसी उभा करतो, मदरबोर्डपासून, त्यात खरोखर साउंड ब्लास्टर १६ चा ड्रायव्हर टाकावा लागतो जसा तेव्हा टाकायचो. मला ते करायला मनापासून आवडतं, पण ज्याला फक्त गेम खेळायचाय त्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि प्रोसेसर दणकट लागतो.

स्कमव्हीएम वेगळीच गोष्ट आहे, तो पीसीची नक्कल करत नाही, गेमचं इंजिनच नव्याने चालवतो, म्हणून आयआरक्यू, डीएमए वगैरे प्रश्नच उद्भवत नाही. मंकी आयलंड, सिएराचे बरेच गेम यात चालतात. ऑप्शनमध्ये जाऊन अ‍ॅडलिब की एमटी-३२ की जनरल मिडी निवडायचं, झालं. तुमचा गेम याच्या यादीत असेल तर दुसरं काही बघूच नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो. डूम आणि प्रिन्स यात नाहीत.

ब्राउझरमध्ये खेळणं म्हणजे इंटरनेट अर्काइव्हने २०१५ मध्ये डॉस गेम टाकले तसं, काहीच इन्स्टॉल करायचं नाही. पोराला गेम आवडतोय का ते बघायला उत्तम. आवाजाचं म्हणाल तर एक, पानावर क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरूच करत नाही, म्हणून सुरुवात मुकी जाते आणि लोकांना वाटतं बिघडलंय. दोन, मशीन जरा दमलं की खरखर येते आणि तुम्हाला दुरुस्त करायला फारसं हातात काही नसतं.

खरखरीचं आता सांगतोच, तिसरा फोन तोच होता. आवाज फाटणं हे बहुतेक वेळा साउंडचं दुखणंच नसतं, वेगाचं असतं. सायकल्स (एमुलेटरने किती वेगाने चालायचं तो आकडा) मॅक्सवर ठेवल्या की एमुलेटर सगळा प्रोसेसर गेमला देतो आणि आवाजाला वेळेत काही मिळत नाही. डूमला मी २५ ते ३० हजार सायकल्स ठरवून देतो, खेळता खेळता कंट्रोल एफ११ ने कमी, एफ१२ ने जास्त होतात, कानाने ऐकत लावायचं. तरी फाटला तर मूळ डॉसबॉक्समध्ये कॉन्फिगमधल्या ब्लॉकसाइजच्या ओळीत १०२४ चा २०४८ करा आणि प्रीबफर वाढवून ४० करा, आवाज किंचित उशिरा येईल पण अखंड येईल. आणि ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावा, तलवार आधी लागते आणि खण नंतर ऐकू येतं याला एमुलेटर काय करणार.

काहीच आवाज नाही असं असेल तर आधी विंडोजचा व्हॉल्यूम मिक्सर उघडून बघा, डॉसबॉक्स तिथे म्यूट तर नाही ना, किंवा आवाज एचडीएमआयने मॉनिटरकडे जातोय आणि मॉनिटरला स्पीकरच नाहीत असं तर नाही ना. आतेभावाचा पहिला फोन या मॉनिटरमुळेच होता, दोन एमुलेटर काढून टाकले होते बिचाऱ्याने त्यापायी.

अजून एक, सीडीवाले गेम. ज्यांचं म्युझिक सीडीवर गाण्यासारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये आहे त्यांची आयएसओ फाईल केली तर त्यात फक्त डेटा येतो, गाणी येतच नाहीत. गोळ्यांचे आवाज येतात, म्युझिक गायब, आणि माणूस मिडीच्या सेटिंगमध्ये शोधत बसतो. अशा सीडीची बिन आणि क्यू अशी जोडी करा आणि डॉसबॉक्समध्ये ती imgmount कमांडने जोडताना क्यू फाईल द्या.

आतेभावाकडे शेवटी स्टेजिंग टाकलं, प्रिन्सला साउंड ब्लास्टर, डूमला आवाज साउंड ब्लास्टरचा आणि म्युझिक जनरल मिडी पोर्ट ३३०, सेटअपमध्ये दोन्ही वेगवेगळं निवडता येतं. पोराला मिडीचं म्युझिक आवडलं. आतेभाऊ दोन मिनिटं ऐकून म्हणाला, दादा हे ते नाहीये, मग त्याच्यासाठी दुसरी कॉन्फिग फाईल करून एफएम लावून दिलं, आता डेस्कटॉपवर डूमचे दोन आयकॉन आहेत, एक बापाचा एक पोराचा.